दादासाहेबांच्या घरची मंडळी

थोर माणसांची चरित्रे आपण शाळेत वाचतो तेव्हा त्यांचा जन्म कुठे झाला, कार्य कोणते केले आणि ती कधी वारली, एवढे पाठ होते. त्यांच्या घरची चूल कशी पेटत होती, हे पुस्तकात क्वचितच असते. पण खरी नवलाची माहिती तेथेच सापडते. दादासाहेब फाळके यांचेच पाहा ना!

आपण वडाळ्याच्या बायका दादरला भाजी-फुले आणायला जातो, तेव्हा पूर्वेकडच्या दादासाहेब फाळके मार्गावरून कितीदा तरी जाणे होते. ह्या दादरमध्येच त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावात कॉरोनेशन सिनेमात लागला. आपल्या देशातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याला मान आहे. तो मुका होता, हेही सर्वांना ठाऊक आहे.

पण त्याआधी दादासाहेबांनी काय काय केले होते! त्र्यंबकेश्वरला १८७० साली भिक्षुकाच्या घरी जन्मलेल्या ह्या माणसाने फोटोग्राफी केली, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखाना काढला आणि जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून नाव घेतले ‘प्रोफेसर केल्फा’. फाळके हेच नाव उलटे वाचले की झाले!

१९११ साली त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. सोबत पत्नी सरस्वतीबाई होत्या. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, ह्या ध्यासाने ते रोज चित्रपट पाहू लागले. शेवटी डोळ्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांनी तीन-चार चष्मे देऊन दृष्टी परत आणली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. पैसे देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याचे चित्र घेतले. महिनाभराची रोपाची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले.

भगिनींनो, दागिने देणे हे आपल्यापैकी पुष्कळजणींना नवीन नाही. घरधन्याच्या अडचणीला बाईचे सोने जातेच. पण सरस्वतीबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दिवसा साऱ्या नटमंडळींचा स्वयंपाक करायचा, त्यांचे कपडे धुवायचे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभे राहायचे, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडे. रसायने कालवायलाही त्या शिकल्या होत्या. आणि रात्री सर्व निजानीज झाल्यावर अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडायची. त्या काळी तेही घरीच करावे लागे. एका फुटात १६ चित्रे, प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके, म्हणजे फुटाला १२८. चित्रपट सुमारे ३७०० फूट लांब. मी हिशेब केला तर पावणेपाच लाखांच्या जवळ आकडा गेला. वाया गेलेली फिल्म वेगळीच! घरात लहान मुले होती, ती तर सांभाळायचीच.

गंमत अशी की, ज्या चित्रपटासाठी एक बाई इतकी राबली, त्यात बाईचे काम करायला एकही बाई मिळाली नाही. तारामती झाले अण्णा साळुंके. ते एका हॉटेलात दहा रुपये पगारावर आचारी होते. दादासाहेबांनी पंधरा देऊ केले. चित्रपटाचे काम हलके मानत, म्हणून कुणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे’ असे सांगा, असे नटांना बजावलेले असे. रोहिदास मात्र घरचाच, त्यांचा मुलगा भालचंद्र.

त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला ह्यांनी कामे केली आणि बायकांची वाट मोकळी झाली. पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये तर फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हीच बाळकृष्ण झाली!

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. १९६९ पासून त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार दिला जातो, तो योग्यच आहे. पण जुन्या लोकांत बायकोला ‘घरची मंडळी’ म्हणत, ते सरस्वतीबाईंच्या बाबतीत शब्दशः खरे होते. आचारी, धोबी, मदतनीस, कारागीर, अशी सगळी मंडळी ती एकटी बाई होती.

मोठ्या कामाच्या पाटीवर एकच नाव मावते. म्हणून आपण मुलांना घेऊन त्या रस्त्याने जाऊ तेव्हा दुसरे नाव आपल्या तोंडाने सांगावे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमातही सतरंज्या घालणाऱ्या आणि शेवटी भांडी विसळणाऱ्या बायका कोण, हे आपल्याला ठाऊक असते. त्यांची नावे आभाराच्या भाषणात घ्यायला वेळ तो कितीसा लागतो?