'मासे साफ करून घ्यावेत': एका वाक्याचा इतिहास

माशांच्या जवळपास प्रत्येक पाककृतीत एक वाक्य असतं: 'मासे साफ करून, धुऊन, तुकडे करून घ्यावेत.' मसाल्याला पुढे दहा ओळी मिळतात, याला एकच. आणि आयुष्यात पहिल्यांदा मासे करायला निघालेला माणूस नेमका इथेच अडतो. खवले कुठून कुठे खरवडायचे? (शेपटीकडून डोक्याकडे.) कल्ले ठेवायचे की काढायचे? पोटातलं काळं अस्तर राहिलं तर? पाककृती गप्प. पण पाककृती इतिहासाचं साधन म्हणून वाचायची असेल, तर मला ही गप्प बसण्याची जागाच सगळ्यात बोलकी वाटते. वाचकाला काय येतं असं लिहिणाऱ्याने धरून चाललं होतं, ते तिथे कळतं.

बाराव्या शतकापासून सुरुवात करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'अन्नभोग' नावाचं प्रकरण आहे. त्यात मासे कापणं, धुणं, हळद, चिंच असं सगळं येतं. याच ग्रंथात गळाने मासे पकडण्यावर 'मत्स्यविनोद' असं वेगळं प्रकरण आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. होरा तेव्हा भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. विज्ञान शाखेतून इतिहासाकडे वळू पाहणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. पण सोमेश्वराचा वाचक स्वयंपाक शिकणारा नव्हे. चांगलं अन्न कसं असतं हे राजाला कळावं, एवढाच हेतू. करणारे हात मुदपाकखान्यातले, त्यांची नावं ग्रंथात शोधू नका.

इथे एक सापळा आहे, आणि आपण विज्ञानवाले त्यात हमखास पडतो. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, तोच तो 'माशाचा वास'. चिंच, कोकम किंवा लिंबातलं आम्ल या अमाइनचं क्षारात रूपांतर करतं, ते हवेत उडत नाही आणि वास कमी होतो. हे खरं आहे. पण म्हणून 'आपल्या पूर्वजांना अमाइन ठाऊक होतं' असं लिहाल तर तो इतिहास नाही. त्यांना चिंच लावल्यावर काय होतं ते ठाऊक होतं. हे ज्ञान कमी दर्जाचं नाही, फक्त वेगळ्या जातीचं आहे.

आणि ते अधिक सावधही असतं. आम्ल वास झाकतं, खराब मासा चांगला करत नाही. बांगडा उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणजे शिकण्याची पहिली पायरी चुलीपाशी नाही, बाजारात आहे: कल्ले लाल आहेत का, डोळा चकचकीत आहे का, बोटाने दाबलेलं मांस परत वर येतं का.

छापील पुस्तकांचा वाचक मात्र वेगळा. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० सालचं. लेखिका मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या, आणि माशांवर त्या समाजाचं प्रेम मुंबईला सांगायला नको. पुस्तकाच्या नावातच 'मित्र' आहे, याकडे लक्ष द्या. सासू, आई, जाऊ यांच्याकडून जे मिळायचं ते आता छापील मित्र देणार. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचलं. 'अंदाजाने' या शब्दाची जागा 'एक चमचा'ने घेणं ही माझ्या मते छोटी गोष्ट नाही. अंदाज ज्याच्याकडे नाही, असा वाचक तिथे मान्य केला गेला.

तरी हातातलं सगळं कागदावर उतरत नाहीच. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये लेझर बांधणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास छापला. नुसते शोधनिबंध वाचून कुणालाच चालू लेझर बांधता आला नव्हता. ज्यांना जमला, त्यांचा आधी बांधलेल्या कुणाशी तरी संपर्क होता. माशाच्या कालवणाचं तेच. रस्सा उकळल्यावरच तुकड्या सोडायच्या आणि पळी न घालता भांडंच धरून हलवायचं, हे बहुतेक कुणीतरी शेजारी उभं राहून सांगतं. कारण साधं आहे: माशाच्या स्नायूंना बांधणारी ऊती पातळ असते आणि मटणाच्या मानाने खूप कमी तापमानाला विरघळते. पाच-सात मिनिटांत तुकडी शिजते, त्यापुढे ढवळलं की भुगा.

आता मूळ वाक्याकडे. 'साफ करून घ्यावेत' यातलं 'घ्यावेत' कुणाकडून? मुंबईत ते काम बहुधा कोळीण करून देते, म्हणून लिहिणारीला एक ओळ पुरते. त्या ओळीमागचं सगळं कौशल्य, म्हणजे कोयत्यावरचा हात, मासा पारखणं, नवख्या गिऱ्हाइकाला कुठला मासा झेपेल ते ओळखणं, पाकपुस्तकांबाहेर राहिलं. पुस्तकांमध्ये तिचा शोध घ्यायला बसाल तर हाती फार लागणार नाही. बाजारात गेलात तर मात्र नुसतं 'मी नवीन आहे' म्हणा. सुरीपेक्षा आधी तुम्हाला चार शब्द ऐकायला मिळतील, आणि ते लगेच टिपून ठेवा.