बॉड
दर सेकंदास तारेवरून किती संकेतचिन्हे जातात हे सांगणारे ‘बॉड’ हे परिमाण, १८७४ साली पाच घटकांच्या संकेतावलीचे पेटंट घेणाऱ्या एमील बोदो या फ्रेंच तारखात्यातील गृहस्थाच्या नावाचा अंत्य स्वर गाळून घडले; त्याच्या यंत्रावरील कारकुनाला मात्र यंत्राच्याच तालावर बोटे चालवावी लागत. राजगड-तोरण्यासह वेल्ह्याचा मुलूख सांभाळणाऱ्या भोरच्या पंतसचिवांच्या दप्तरात मोडी कागद वाचणारा जसा ठरावीक मायन्यावरून हाताचे वळण ओळखत असेल, तसा आजचा मायक्रोकंट्रोलर (उपकरणात बसवलेला छोटा संगणक), तारेवरून येणाऱ्या संकेतांचा वेग आधी मुक्रर नसता, शून्य-एक आलटूनपालटून देणाऱ्या कॅपिटल ‘यू’ या इंग्रजी अक्षरावरून एका बिटाचा काळ मोजू शकतो, जो ९६०० बॉडला सुमारे १०४ मायक्रोसेकंद भरतो. पहिलेच अक्षर भलते आले, तर चुकीचा वेग कायम होऊन पुढील मजकूर निरर्थक उमटतो.