एका वर्षात ४०० दिवस! दगड झालेल्या पोवळ्यांनी सांगितलेला हिशोब

वर्षाचे दिवस ३६५, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण सुमारे ३८-३९ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, हा आकडा ४०० च्या आसपास होता. याचा पुरावा मिळाला तो रुगोसा नावाच्या नामशेष पोवळ्यांच्या सालीवर.

पोवळं म्हणजे प्रवाळ हा मुळात मऊ, नळकांड्यासारखा प्राणी. तो मेला की कुजून जातो, मागे उरतो त्याचा चुन्याचा सांगाडा. एकट्याने राहणाऱ्या रुगोसाचा सांगाडा गाईच्या शिंगासारखा असतो, खाली निमुळता आणि वर रुंद. वरच्या खळग्यात प्राणी बसे. आत भिंतीपासून मध्याकडे उभे पडदे असत, चाकाच्या आऱ्यांसारखे. प्राणी वाढत वर सरकला की खाली नवा आडवा मजला बांधी. बाहेरची साल सुरकुतलेली. लॅटिनमध्ये 'रूगा' म्हणजे सुरकुती, त्यावरूनच हे नाव पडलं.

वर्गीकरणाची सगळी मदार या पडद्यांवर आहे. रुगोसात सुरुवातीला सहा पडदे तयार होत, पण पुढचे नवे पडदे फक्त चार जागी फुटत. आजच्या दगडी पोवळ्यांत मात्र ते सहाही भागांत भरतात. दुसरा लुप्त गट टॅब्युलाटा. हे कायम वसाहतीत राहणारे. यांच्या बारीक नळ्यांत आडवे मजले ठळक, उभे पडदे अगदी आखूड किंवा नाहीतच. फॅव्होसायटिस मधाच्या पोळ्यासारखं दिसतं, तर हॅलिसायटिसचा आडवा छेद साखळीसारखा.

फक्त सांगाड्यावरून ओळख पटवायची म्हटल्यावर घोटाळे होणारच. कॅल्सिओला हे सपातीच्या आकाराचं रुगोसा. त्याला चक्क झाकण होतं, त्यामुळे ते बराच काळ शिंपल्यासारख्या प्राण्यांत गणलं गेलं. टॅब्युलाटात घातलेले कीटेटिड तर पुढे स्पंज निघाले!

आता ४०० दिवसांचा हिशोब. पोवळं रोज चुन्याचा एक अतिशय बारीक थर चढवतं आणि ऋतूंप्रमाणे सालीवर जाड वळ्या पडतात. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन वेल्स यांनी दोन वळ्यांमधल्या रेषा मोजल्या. आजच्या पोवळ्यात त्या सुमारे ३६० भरल्या, डेव्होनियन रुगोसात ३८५ ते ४१०. वर्षाचा एकूण काळ तेवढाच धरला, तर तेव्हाचा दिवस जेमतेम २२ तासांचा होतो.

कारण भरती-ओहोटी. तिच्या घर्षणामुळे पृथ्वीची गिरकी मंदावत जाते आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. खगोलशास्त्रज्ञांनी हे गणिताने आधीच मांडलं होतं. पोवळ्यांनी त्याला स्वतंत्र दुजोरा दिला. अर्थात झिजलेल्या सालीवरच्या रेषा मोजताना चूक होऊ शकते, म्हणून ४०० हा आकडा अंदाजेच धरायचा. तरी या रेषा इतक्या टिकल्या याचं बरंच श्रेय कॅल्साइटला. रुगोसाचा सांगाडा या टिकाऊ खनिजाचा होता; आजची पोवळी ॲरागोनाइट वापरतात, आणि ते काळाच्या ओघात सहज बदलतं.

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशापर्यंत हे दोन्ही गट संपले. आजची दगडी पोवळी त्यानंतर दिसू लागली, पण ती रुगोसाची थेट वंशज मानली जात नाहीत.

रुगोसा हातात घ्यायचं तर अमेरिकेतल्या मिशिगनच्या किनाऱ्यावर जावं. तिथला 'पेटॉस्की स्टोन' म्हणजे हेक्सागोनारिया या वसाहती रुगोसाचा जीवाश्म. १९६५ पासून तो त्या राज्याचा अधिकृत दगड आहे. कोरडा असताना तो साधा करडा गोटा वाटतो. पाण्यात बुडवला की षटकोनी घरं आणि त्यांतले पडदे उठून दिसतात.