किती आवळायचं?

मामांच्या गॅरेजमध्ये स्पार्क प्लग बसवण्याचा नियम एका वाक्याचा होता. "हातानं बसंल तितका बसवायचा, मग पान्यानं थोडं, आणि हात काढायचा." हे 'थोडं' म्हणजे किती, असं मी लहानपणी विचारलं, की मामा हसायचे. "हाताला कळतंय की!"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं त्यांच्या हाताला ते कळत होतं. दोन वर्षांपूर्वी कळेनासं झालं. मधुमेहानं बोटांच्या टोकांची जाणीव कमी होत गेली, आणि त्यांनी ती गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही. मग एका शिक्षिकेच्या स्कूटरचा प्लग आवळताना पाना एकाएकी हलका फिरायला लागला. ज्यानं हे अनुभवलंय त्याला पुढचं सांगायला नको. आवळताना जोर वाढत जायला हवा. तो अचानक नाहीसा झाला, की आटे गेले. हेड उतरवलं, लेथवाल्याकडे नेलं, भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि आत स्टीलचं हेलिकॉइल बसवलं. पैसे मामांनी खिशातून दिले. त्या रात्री जेवताना म्हणाले, "आता हाताला कळंना झालंय, लेका."

मी त्यांना टॉर्कचा पाना आणून द्यायचं ठरवलं. दोन हजारांच्या आत. आणि कोणता घ्यावा हे शोधता शोधता या पान्याच्या इतिहासात शिरलो.

'टॉर्क' हा शब्दच तसा अलीकडचा. पिळण्याच्या जोराला हे नाव दिलं जेम्स थॉमसन यांनी, म्हणजे लॉर्ड केल्व्हिन यांच्या थोरल्या भावानं, आणि तो १८८४ साली छापून आला. हिशेब सोपा आहे: जोर गुणिले अंतर. वीस सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण सहा किलोचा भार दिला, की बारा न्यूटन-मीटर. आपल्याकडच्या अनेक बाइकमध्ये १० मिलिमीटर आट्यांचा प्लग असतो, त्याला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये दहा ते बारा न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे मनगटाचं काम, खांद्याचं नाही. चूक होते ती इथंच, कारण प्लग आवळताना आपण खांदा लावतो.

सुरुवातीच्या गाड्यांना असं मोजमाप लागत नव्हतं. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये प्लगला अर्ध्या इंची पाइपाचे निमुळते आटे होते. नळाचा सांधा घट्ट करावा तसा तो आवळायचा, आणि जाड बिडाचं हेड ते सोसायचं. पुढे प्लग बारीक होत गेले आणि हेड ॲल्युमिनियमचं झालं. ते हलकं असतं, उष्णता लवकर सोडतं, पण प्लगच्या पोलादी अंगापुढे मऊ. जास्त आवळलं तर हेडचे आटे जातात. कमी आवळलं तर प्लगची बैठक हेडला नीट टेकत नाही, उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि प्लग प्रमाणाबाहेर तापतो. दोन्हीकडे खड्डा, मधे अरुंद वाट.

गंमत म्हणजे ही वाट मोजणारं हत्यार गाड्यांच्या दुनियेत सुरू झालेलं दिसत नाही. कॉनरॅड बार हा न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात काम करायचा. जमिनीखालच्या पाइपांच्या सांध्यांवरचे बोल्ट कुणी करकचून आवळलेले, कुणी सैल सोडलेले, हे पाहून तो वैतागला होता. सांध्याभोवतीचे बोल्ट सारखे आवळले नाहीत, तर मधलं गॅसकेट एका बाजूनं दाबलं जातं आणि दुसरीकडून पाणी येतं. ठरलेल्या जोरापलीकडे न जाणारं हत्यार आपण १९१८ मध्येच बनवलं, असा त्याचा दावा होता. जोर दाखवणाऱ्या पान्याच्या पेटंटसाठी पहिला अर्ज जॉन शार्प यांनी १९३१ मध्ये केला. १९३५ मध्ये बार आणि त्याचा भागीदार जॉर्ज फेफर्ले यांनी जोर ठरवून ठेवता येणाऱ्या आणि तो गाठला की आवाज करणाऱ्या पान्याचं पेटंट मागितलं. १९३८ मध्ये पॉल स्टर्टेव्हंट यांनी काट्याच्या पान्याचं पेटंट घेतलं.

बारची अडचण मला नीट कळली. त्याच्या कामगारांच्या अंगात ताकद कमी नव्हती. प्रत्येकाच्या हाताचं 'थोडं' वेगळं होतं, एवढंच.

आजही स्वस्तातले पर्याय मुख्यतः त्याच दोन घराण्यांचे आहेत. एक 'टक' वाजणारा. आत स्प्रिंग, मुठीवर आकडा लावायचा, तो जोर आला की हाताला झटका जाणवतो. दुसरा काट्याचा. एक दांडा वाकतो, शेजारची सुई सरळ राहते आणि पट्टीवर आकडा दिसतो.

दुकानात सहज मिळतो तो अर्धा इंची चौकाचा, २८ ते २१० न्यूटन-मीटरवाला. चारचाकीच्या चाकांचे नट आवळायला उत्तम, पण बाइकच्या प्लगला कुचकामी, कारण त्यावर बारा हा आकडाच लावता येत नाही. टॉर्क पान्यांच्या आयएसओ ६७८९ या मानकात मोजण्याची कक्षा कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांपासून पुढे धरलेली आहे. खरेदीचं सूत्र यातूनच निघतं: तुम्हाला हवा असलेला आकडा पान्याच्या कमाल आकड्याच्या एक पंचमांशाहून कमी नसावा. दहा हवे असतील, तर कमाल पन्नासच्या आतला पाना बघा.

'टक' वाला घेतलात, तर काम झाल्यावर स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर त्याची तपासणीही करून घ्यायची असते. काट्याच्या पान्याचं दुखणं उघड्यावर असतं: हातात काही नसताना सुई शून्यावर नसेल, तर ती तिथं वाकवून आणायची. पट्टी मात्र समोरून वाचायची. तिरकं पाहिलं की आकडा चुकतो.

मी काट्याचा घेतला. तो स्वस्त होता हे खरं, पण मुख्य कारण वेगळं होतं. कमी जोराला 'टक' फार बारीक येते, शेजारी कंप्रेसर चालू असतो, आणि मामांच्या हाताला तो झटका कळलाच असता याची खात्री नव्हती. डोळे मात्र चष्म्यासह शाबूत आहेत.

पाना पाहून ते गप्प बसले. मग म्हणाले, "आण जरा." भंगारातलं एक हेड शिकंज्यात पकडलं. पट्टी माझ्याकडे फिरवून त्यांनी डोळे मिटून प्लग आवळला आणि "बास" म्हणून थांबले. एकोणीस. परत केलं. पंधरा. मग मी केलं, आठ आणि चौदा. गॅरेजमधल्या शिकाऊ पोरानं तर बावीसवर नेलं. हवे होते अकरा.

"आधी माझा बरोबर यायचा," मामा म्हणाले. आला असेलही. त्या वेळी मोजायला कुणाकडे काही नव्हतं.

आता गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली यादी आहे: गाडीचं नाव, पुढे मॅन्युअलमधला आकडा. जुन्या मॅन्युअलमध्ये तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, म्हणून दहानं गुणून लिहिलाय. नेमकं करायचं तर ९.८. बाजूला मोठ्या अक्षरात 'आट्यांना ग्रीस लावू नये', कारण आटे निसरडे झाले, की तोच आकडा दाखवताना प्लग जास्त आवळला जातो.

एक गोष्ट मात्र पाना करत नाही. प्लग तिरका चढला, तर सुईला ते कळत नाही. ती मुकाट्यानं बारा दाखवते. पहिले आटे बोटांनीच फिरवायचे असतात, आणि ती बोटं आता मामांकडे नाहीत. म्हणून ते काम पोराचं. तो प्लग चिमटीत धरून फिरवतो, वॉशर टेकला की "टेकला मामा" म्हणतो. मग मामा चष्मा लावून पट्टीसमोर वाकतात.

परवा मी गेलो, तेव्हा पोरानं जरा घाई केली. मामा नुसतं म्हणाले, "अकरा. हात काढ."