सातबाऱ्यावरची एक ओळ

बारावीचा निकाल लागून आठवडा झालाय. कॉलेजच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हणून आजोबांनी ट्रंक उघडलीय आणि केळशीच्या घराच्या पडवीत तू कागदांचा ढीग घेऊन बसली आहेस. बाहेर पागोळ्या गळताहेत. "आर्ट्सला जाऊन करणार काय?" हे काकांनी सकाळपासून दोनदा विचारलंय. तुझ्या हातात एक जुना सातबारा येतो. 'इतर अधिकार' या रकान्यात एक ओळ आहे: कु. का. कलम ४३ च्या बंधनास पात्र.

"आजोबा, हे काय?"

"कुळकायदा. ही जमीन आधी आपली नव्हती."

त्या वाक्याचं बोट धरून तू मागे जातेस.

साल १८९० च्या आसपासचं, महिना आश्विन. जवळपासचंच एक खोती गाव. भात पिवळं होऊन उभं आहे आणि बांधावरून खोताचा माणूस फिरतोय. ही अभावणी. उभ्या पिकावर नजर टाकून तो सांगणार, इतकं भात होईल. तुझा खापरपणजा मुंडासं हातात घेऊन मागेमागे चालतोय. अंदाज चढा लागला तरी त्यातला निम्मा वाटा, म्हणजे अर्धेल, खोताच्या घरी पोचवायचा. वर वेठ आहेच: खोताचं घर शाकारायचं, त्याच्या शेतावर फुकट राबायचं.

तू नीट बघ. त्या माणसाच्या हातात बंदूक नाही, साधी काठीही नाही. तरी कुणी 'नाही' म्हणत नाही. खोत म्हणजे सरकारचा सारा गोळा करून भरणारा माणूस; तो गावाचा मालक कसा होऊन बसला? त्याचं म्हणणं लोक मुकाट्यानं का ऐकतात? हे प्रश्न तुला पडले, तिथे राज्यशास्त्राचा पहिला तास सुरू झाला.

आता हर्णैच्या बंदरात ये. पडावातून आगबोटीत चढ आणि १९२० च्या दशकातल्या मुंबईत उतर. विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ पासून चालू आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश प्राध्यापकानं तो सुरू केला आणि आता मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तो चालवताहेत. त्यांची एक विद्यार्थिनी इरावती, आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची सून. तिनं प्रबंधाला विषय घेतलाय चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे घरचाच. जे लहानपणापासून दिसतं, त्याच्याकडे परक्यासारखं बघायचं. सोयरीक कुणाशी होते, कुणाशी होत नाही, पंगतीला कोण कुठे बसतं, आणि 'आमच्यात असंच असतं' म्हणजे नेमकं कधीपासून? महालक्ष्मीच्या यात्रेत तुझ्या गावात कुणाचा मान पहिला, हे तुला पाठ आहे. पण तोच का, हे तू कधी विचारलंस? समाजशास्त्र ते विचारायला लावतं आणि उत्तर तपासल्याशिवाय लिहू देत नाही.

तिथून त्याच काळातलं सोलापूर. तारेचं कुंपण, आत माणसांची वस्ती, आणि हजेरी चाललीय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्यात. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. आईच्या कडेवर एक पोर आहे, अजून धड चालताही येत नाही त्याला. त्यानं काय चोरलं? चोरी हातून घडते की कायद्याच्या वहीत आधीच लिहिलेली असते? त्या जमातींवरचा शिक्का पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला; कुंपणाबाहेरच्यांच्या मनातला मात्र अजून पुरता गेलेला नाही. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे मालिकेतला इन्स्पेक्टर आणि भिंग नव्हे. गुन्हा कशाला म्हणायचं, ते कोण ठरवतं, शिक्षेनं माणूस सुधारतो का, हे त्याचे प्रश्न. आपल्याकडे ते बहुधा पदवीनंतर शिकतात. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सुरू झालेल्या आणि आता देवनारला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो विषय आहे. बी.ए. ला राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतलंस, तर ती वाट आपोआप जवळ येते.

शेवटचा मुक्काम, १० जानेवारी १९३८. मुंबईत कौन्सिल हॉलकडे मोर्चा निघालाय, कोकणातली कुळं हजारोंनी आलीत. आदल्या सप्टेंबरात, १७ तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती मोडायचं विधेयक मांडलंय. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. टिळकांचं चिखलगाव आपल्याच दापोली तालुक्यातलं. टिळकांचं घराणं खोताचं आणि त्यांच्या 'केसरी'नं खोतांची बाजू घेतली होती. एकाच मुलखातली ही दोन मोठी माणसं. यातलं चांगलं कोण, हे पटकन ठरवून मोकळी होऊ नकोस. आपण कुठे उभे आहोत, त्यावर आपल्याला न्याय कसा दिसतो हे अवलंबून असतं का, एवढा प्रश्न गाठीला बांध.

ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. आणि कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला: जो कसतो, तो ठरलेली किंमत भरून मालक. अशी मिळालेली जमीन विकायला मात्र बंधन घातलं. तेच कलम ४३.

तू पडवीत परत आलीस. कागद मांडीवर तसाच आहे. काका चहाचा कप खाली ठेवतात आणि तिसऱ्यांदा तोंड उघडतात, पण आधी तूच विचारतेस, "आजोबा, तुम्ही अभावणी पाहिलीय?"

"मी नाही बाई. माझी आजी सांगायची."

"काय सांगायची?"

आजोबा ट्रंकेचं झाकण लावून त्यावर हात टेकतात, घसा खाकरतात. तू दाखल्याचा फॉर्म पालथा घालतेस आणि पेनाचं टोपण काढतेस.