चॉकलेटची खोकी आणि जळालेली वही

कुमारवयीनांसाठी स्वतंत्र कादंबरी असावी ही कल्पना तशी अलीकडचीच. अमेरिकेत १९६७ साली एस. ई. हिंटन या तरुणीची 'द आउटसायडर्स' प्रसिद्ध झाली आणि या साहित्यप्रकाराला खरे बळ आले. परंतु कॅथलिक वाचकाला अधिक अस्वस्थ करते ती १९७४ साली आलेली रॉबर्ट कॉर्मियर यांची 'द चॉकलेट वॉर'.

कॉर्मियर मॅसॅच्युसेट्समधील लेमिन्स्टरचे, व्यवसायाने पत्रकार आणि स्वतः कॅथलिक. शाळेच्या निधीसाठी चॉकलेट विकण्यास त्यांच्या मुलाने नकार दिला. वडिलांनी त्याची पाठराखण केली. त्या मुलाला कसलाही त्रास झाला नाही. पण झाला असता तर? या प्रश्नातून कादंबरी जन्मास आली.

कादंबरीतील कॅथलिक शाळेत प्रभारी मुख्याध्यापक ब्रदर लिऑन वीस हजार खोकी विकण्याचा घाट घालतात. जेरी रेनॉ हा मातृहीन मुलगा पहिले दहा दिवस नकार देतो तो विद्यार्थ्यांच्या एका गुप्त टोळीच्या हुकुमावरून; मुदत सरल्यावर मात्र तो स्वतःच्या मनाने 'नाही' म्हणतो. तेथून त्याचा छळ सुरू होतो. शेवटी तो रक्तबंबाळ होऊन पडतो. ब्रदर जॅक्स नावाचे एक सज्जन शिक्षक धावून येतात खरे, पण उशिरा. हा शेवट बदलावा, असा काही प्रकाशकांचा आग्रह होता. कॉर्मियर बधले नाहीत. पुढे हे पुस्तक ग्रंथालयांतून काढावे अशा मागण्या वारंवार झाल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००४ सालच्या अशा यादीत ते पहिले होते.

हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा मीही रागावलो होतो. मग आठवले, सणाच्या लॉटरीची तिकिटे मीच धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांच्या हाती दिली होती, आणि कोणी किती खपवली ते वेदीवरून वाचून दाखविले होते. न खपवणाऱ्यांची नावे वाचली नाहीत, एवढेच. ती सर्वांना कळलीच.

अलीकडच्या कादंबऱ्यांत मला महत्त्वाची वाटते ती एलिझाबेथ असेव्हेदो यांची, २०१८ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळविणारी 'द पोएट एक्स'. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील डोमिनिकन घराण्यातली झियोमारा दृढीकरण संस्काराच्या वर्गाला जाते आणि मनातले प्रश्न वहीत कवितांमधून लिहिते. आई ती वही जाळते. संपूर्ण कादंबरी पद्यात आहे. सुरुवातीस मला ते जड गेले, हे कबूल करतो. काही ठिकाणी भाषा आपल्या घरांत मोठ्याने वाचण्यासारखी नाही, हेही खरे.

तरीही पालकांनी ती वाचावी. यातले फादर शॉन मुलीवर संस्कार लादत नाहीत. मायलेकींना समोरासमोर बसवून बोलते करतात. ब्रदर लिऑननंतर चव्वेचाळीस वर्षांनी असा धर्मगुरू भेटावा, याचे मला समाधान वाटले. पण माझ्या मनात राहिली ती आई. तिला धर्मभगिनी व्हायचे होते; अमेरिकेला जाता यावे म्हणून तिचे लग्न लावून दिले गेले. तिच्याही मनात काय होते, ते तिला कोणी कधी विचारलेच नव्हते.