२१४७४८३६४७ या संख्येत एवढे काय आहे?
२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. दोनचा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात; ही त्यांतली आठवी.

१७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने हे सिद्ध केले. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती! ४६,३४१ पेक्षा लहान प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणे हा सरळ पण कंटाळवाणा मार्ग. ऑयलरने दाखवले की मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. त्यामुळे बहुतेक संख्या तपासण्याआधीच बाद झाल्या. उरलेल्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

३२ बिटमध्ये एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जातो, उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज याच मर्यादेपाशी आले, तेव्हा यूट्यूबने काउंटर ६४ बिटचा केल्याचे सांगितले.

ती गंमत झाली. खरी अडचण घड्याळाची आहे. युनिक्स प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटच्या जुन्या उपकरणांत ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला संपेल. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होऊन तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊ शकते. नवे फोन ६४ बिटचे आहेत. धोका आहे तो वर्षानुवर्षे अपडेट न होणाऱ्या यंत्रांना.